टाळीनंतरचे काय?

२०२४ च्या गणेशोत्सवात पुण्यामध्ये एक ढोल-ताशा पथक लोकांच्या विशेष कौतुकाचा विषय ठरले. पथकाचे नाव ‘शिखंडी’ आणि त्यातील वादक तृतीयपंथी. पुणेकरांना ढोल-ताशाचे अप्रूप नाही. भाद्रपद लागण्यापूर्वीच नदीकाठी आणि मोकळ्या मैदानांवर सराव सुरू होतात. महाविद्यालयीन मुलामुलींपासून बँकेतल्या अधिकाऱ्यांपर्यंत सारे कमरेला ढोल बांधतात. तरीही या पथकाची चर्चा झाली, कारण ज्यांना आजवर मांडवाबाहेर हात पसरताना पाहिले, ते बाप्पापुढे ठेका धरून मानाने उभे होते. नावाची निवडही विचार करायला लावणारी आहे. महाभारतातील द्रुपदाच्या या अपत्याचे नाव आपण बोलीत हेटाळणीसाठी वापरतो. व्यासांनी मात्र शिखंडीला कुरुक्षेत्रावर रथ दिला आणि युद्धाची कलाटणी त्याच्या रथाशी बांधली. हेटाळणीचा शब्द उचलून तो मानाने मिरवण्याचे धैर्य या मंडळींनी दाखवले, याबद्दल त्यांचे अभिनंदन करायला हवे.

परंतु उत्सव दहा दिवसांचा असतो आणि वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचे. विसर्जनाची मिरवणूक संपली की ढोल उतरतो, टाळ्या थांबतात आणि वादक आपापल्या घरी परततो. ज्याला परतायला घर आहे, त्याच्यापुरता हा क्रम ठीक. ज्याला सोळाव्या-सतराव्या वर्षी घराबाहेर काढले गेले, ज्याची शाळा नववीत सुटली, ज्याच्या कागदपत्रांवरील नाव आणि समोर उभी असलेली व्यक्ती जुळत नाही, त्याने टाळ्या थांबल्यावर कोठे जायचे? तृतीयपंथी आणि समलिंगी युवकांना, त्यांच्यातील कलावंतांना आधार देण्याचे काम आपल्या राज्यात मोजक्या स्वयंसेवी संस्था करीत आल्या आहेत. हा आधार आजवर कोणाच्या पैशावर उभा राहिला आणि यापुढे कोणाच्या पैशावर उभा राहायला हवा, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

मराठी माणसाला रंगमंचावरील स्त्रीवेशाचे वावडे कधीच नव्हते. नारायण श्रीपाद राजहंस यांना महाराष्ट्र ‘बालगंधर्व’ म्हणूनच ओळखतो. त्यांच्या शालूची आणि केशरचनेची नक्कल प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत असत. पुण्यात १९६८ मध्ये उभे राहिलेले रंगमंदिर आजही त्यांचे नाव मिरवते. अर्थात, बालगंधर्वांची स्त्रीभूमिका ही अभिनयकला होती. तृतीयपंथी व्यक्तीला जन्मापासून जाणवणारा लिंगभाव ही वेगळी गोष्ट आहे. या दोहोंची सरमिसळ करणे दोघांवरही अन्याय करणारे ठरेल. पण ज्या प्रेक्षकाने एका पुरुषातील स्त्रीसौंदर्यावर जीव ओवाळून टाकला, त्याच प्रेक्षकाने तमाशाच्या फडातील नाच्याची टिंगल केली, हेही नाकारता येत नाही. गणपत पाटील यांनी मराठी चित्रपटांत नाच्याची भूमिका अजरामर केली आणि त्या भूमिकेपायी खऱ्या आयुष्यात अवहेलना सोसली. भूमिका वठवणाऱ्या गृहस्थाची जर ही कथा, तर ज्याचे जगणेच तसे आहे त्याची काय असेल?

चित्रपटांनी हे दु:ख आपल्यापर्यंत पोहोचवले नाही असे नव्हे. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीवर रवी जाधव यांनी काढलेला चित्रपट २०१० मध्ये आला. फडासाठी नाच्या झालेला रांगडा गडी कलेपायी घर आणि प्रतिष्ठा दोन्ही गमावतो, ही त्याची कथा. त्याच्या आदल्या वर्षी राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ आला होता. यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींचे जिणे त्याने मांडले आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. दोन्ही चित्रपट महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. त्यांची गाणी लग्नाच्या वरातीतही वाजली. मात्र चित्रपटगृहात डोळे पुसणाऱ्या किती जणांनी दारात आलेल्या जोगत्याला ‘बस’ म्हटले आणि पाण्याचा पेला पुढे केला? पडद्यावरच्या माणसासाठी रडणे सोपे असते. तो आपल्याकडे भाड्याने खोली मागायला येत नाही.

ही दुटप्पी वृत्ती आपल्या परंपरेतून आली, असे सांगण्याची काही मंडळींना सवय आहे. इतिहास तसे सांगत नाही. अर्धनारीनटेश्वराची पूजा करणारा हा समाज आहे. अज्ञातवासातील अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या राजवाड्यात उत्तरेला नृत्य-संगीत शिकवतो, म्हणजे तेथे तो कलेचा गुरू असतो, हेही आपल्याच महाकाव्याने सांगितले आहे. जो कायदा या माणसांच्या कलेलाच गुन्हा ठरवत होता, तो इंग्रजांनी आणला. १८६० च्या दंडविधानात मेकॉलेच्या मसुद्यावर बेतलेले ३७७ वे कलम आले. त्यानंतर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक संपूर्ण भाग या समूहासाठी राखून ठेवण्यात आला. त्याची अंमलबजावणी आरंभी उत्तरेकडील प्रांतांत झाली. सरकारी वहीत नाव नोंदवलेल्या व्यक्तीने स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणे, सार्वजनिक जागी किंवा बिदागी घेऊन नाचणे-गाणे हा त्या कायद्याने अपराध होता. विनावॉरंट अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद अशी त्याला शिक्षा होती. जन्माच्या आणि लग्नाच्या घरी गाऊन आशीर्वाद देणारी माणसे एका फटकाऱ्यासरशी संशयित ठरली. कायद्यातील तो भाग पुढे गेला. समाजाच्या नजरेतील संशय मात्र राहिला. वसाहतवादाचे जे अवशेष अजून मनातून काढायचे राहिले आहेत, त्यांत या संशयाची गणना करायला हवी.

स्वतंत्र भारतात या विषयावर उघडपणे बोलायलाही बराच काळ जावा लागला. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. गौरी सावंत यांची ‘सखी चारचौघी’ मुंबईच्या मालवणी भागात उभी राहिली. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट स्थापन केला. संगणक क्षेत्रातील नोकरी करून आलेल्या या गृहस्थांनी मराठीत, साध्या भाषेत, पालकांना आणि मुलांना समजेल असे लेखन सातत्याने केले, हे त्यांचे काम विसरता येणार नाही. या विषयावरची चर्चा इंग्रजीत आणि महानगरांच्या वातानुकूलित सभागृहांत अडकून पडली असती, तर खेड, मुळशी, जुन्नर येथील मुलाच्या हाती काय लागले असते? आपल्या मनात काय चालले आहे हे सांगायला त्याला मातृभाषेतील शब्दच मिळाले नसते आणि जे मिळाले असते, ते शिव्या म्हणून.

या संस्थांच्या वाटचालीतील एक गोष्ट मात्र समाजाने लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. या समूहाकडे पैसा प्रथम आला, तो एड्सच्या नियंत्रणासाठी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने, विशेषत: २००७ पासूनच्या तिसऱ्या टप्प्यात, समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यामधील कामावर भर दिला. ते आवश्यक होते. त्यातून असंख्य प्राण वाचले. त्याच निधीतून कार्यालये चालली, कार्यकर्त्यांना मानधन मिळाले, बसायला-बोलायला एक सुरक्षित जागा मिळाली. परंतु मदतीची वाट रोगाच्या दारातून गेल्यामुळे माणसाची नोंदही तशीच झाली. तो ‘जोखमीच्या गटा’तील एक आकडा ठरला. उत्तम लावणी करणारी, कविता लिहिणारी, शिवणकाम जाणणारी, संगणक चालवू शकणारी व्यक्ती म्हणून त्याची नोंद करणारा रकाना त्या अर्जात नव्हता. निधी आटला की जागा बंद होई आणि परदेशातून येणाऱ्या पैशाची दिशा बदलली की कामाचीही दिशा बदले. ज्या समूहाचा आधार दूरच्या दात्याच्या मर्जीवर टांगलेला असतो, त्याला स्वत:चे पाय फुटणे अवघड असते.

रोगाच्या या रकान्यातून बाहेर पडण्याचे जे प्रयत्न झाले, ते कलेच्या वाटेने झाले. समपथिकने २०१४ मध्ये पुण्यात ‘अद्वैत’ या नावाने चित्रपट महोत्सव भरवला. मुंबईत अभिना आहेर यांच्या पुढाकाराने ‘डान्सिंग क्वीन्स’ हे तृतीयपंथीयांचे नृत्यपथक उभे राहिले. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन २०१२ मध्ये मराठीत आले. दिशा पिंकी शेख यांच्या कवितेने मराठी वाचकाला अस्वस्थ केले. शेजारच्या कर्नाटकात तर याहून पुढचे उदाहरण आहे. मंजम्मा जोगती या जोगती नृत्याच्या कलावंताला २०१९ मध्ये तेथील जानपद अकादमीचे अध्यक्षपद देण्यात आले आणि २०२१ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली. त्यापूर्वी २०१९ मध्ये तमिळनाडूच्या भरतनाट्यम नर्तकी नर्तकी नटराज यांनाही हा सन्मान मिळाला होता. यल्लम्माचे सौंदत्ती आपल्या सीमेला लागून आहे. कोल्हापूर, सांगलीकडचे जोगते तेथेच जातात. चौंडकं तेच, भंडारा तोच. असे असता आपल्याकडील जोगत्याची ओळख दारोदार फिरणारा भिक्षेकरी एवढीच का राहावी?

कायद्याने आपले काम पुष्कळसे केले आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख दिली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. २०१९ मध्ये संसदेने तृतीयपंथीयांच्या हक्कसंरक्षणाचा कायदा केला. केंद्र सरकारने २०२० मध्ये बडोद्यापासून ‘गरिमा गृह’ या निवारा योजनेचा प्रारंभ केला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये शिष्यवृत्ती, प्रशिक्षण, निवारा यांना एकत्र बांधणारी ‘स्माइल’ योजना आणली. महाराष्ट्राने २०२० मध्ये तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापन केले. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ‘ग्रीन मार्शल’ म्हणून काम दिले. कालपर्यंत ज्यांना पोलीस हुसकावत होते, ते गणवेश घालून शहराच्या स्वच्छतेसाठी दंडाची पावती फाडू लागले. ही साधी घटना नव्हे.

तथापि, नोकरी दिली म्हणजे प्रश्न सुटला, असे मानून चालणार नाही. कोचीच्या मेट्रोने २०१७ मध्ये वीसहून अधिक तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या, तेव्हा देशभर तिचे कौतुक झाले. थोड्याच दिवसांत त्यांतील आठ जणांनी काम सोडले. कारण पगार नव्हता, असे नाही. राहायला कोणी खोली देईना. लॉजचे भाडे पगारात बसेना. एका हाताने दिलेली नोकरी समाजाने दुसऱ्या हाताने काढून घेतली. शासन नेमणूकपत्र देऊ शकते; घरमालकाचे मन काही अध्यादेशाने उघडत नाही. म्हणूनच येथे समाजाचे आणि समाजातून उभ्या राहिलेल्या संस्थांचे काम सुरू होते.

कोचीत जे घडले, ते आपल्या दारातही घडू शकते. त्यासाठी माण गावाकडे पाहावे. मुळशी तालुक्यातील या गावाचे नाव आज माहिती-तंत्रज्ञानाच्या नकाशावर आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्क हिंजवडी, माण, मारुंजीच्या शिवारात पसरले. माणपासून शिवाजीनगरपर्यंत सुमारे २३ किलोमीटरची मेट्रो मार्गिका आखली गेली. एका बाजूला काचेचे मनोरे आणि त्यांच्या सावलीत चार-चार जण एका खोलीत राहणाऱ्या चाळी. तेथून पुढे पिंपरी, भोसरी, चाकणपर्यंत कारखान्यांचा पट्टा. विदर्भ-मराठवाड्यातून, खानदेशातून, परप्रांतांतून येणाऱ्या तरुणांत आपल्या वेगळेपणामुळे गाव सोडावे लागलेले तरुणही असणारच. गावात प्रत्येक जण ओळखतो. येथे कोणी ओळखत नाही, हाच त्यांचा पहिला दिलासा. पण ओळख नसणे म्हणजे आधार असणे नव्हे. आजारी पडले तर विचारणारे कोणी नाही. खोलीमालकाला संशय आला तर महिनाअखेर सामान रस्त्यावर.

शिवाय सीमारेषेचा एक विचित्र पेच येथे दिसतो. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तृतीयपंथीयांसाठी योजना आखल्या, तेव्हा माणमध्ये ग्रामपंचायत होती. वाकडला महापालिकेची हद्द संपते आणि त्या हद्दीपाशी तिच्या योजनाही थांबतात. ज्या परिसरात अब्जावधींची निर्यात होते, तेथील ग्रामपंचायतीकडे मात्र अशा कामासाठी ना स्वतंत्र अधिकारी, ना विभाग. जनगणनेचे आकडे पाहिले तर प्रश्न किरकोळ वाटेल. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या लिंगगटात देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. नोंद करताना घरच्यांनी काय सांगितले असेल, हे लक्षात घेता हा आकडा अपुराच म्हणावा लागेल. त्यांतील साक्षरता सुमारे ५६ टक्के होती, तर देशाची सरासरी ७४ टक्के. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजेच घराबाहेर काढलेल्या, शाळेतून हुसकावलेल्या मुलांची संख्या आहे, असे म्हटले तर फारसे चूक ठरणार नाही.

येथे उद्योगांच्या कर्तव्याचा प्रश्न येतो. २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ व्या कलमानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावयाचे आहेत. हा खर्च करताना कंपनी जेथे काम करते, त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे तेच कलम सांगते. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात विषमता कमी करण्याची कामे आहेत, शिक्षण आणि कौशल्यविकास आहे, तसेच पारंपरिक कलांचे जतन व संवर्धनही आहे. म्हणजे एखाद्या तृतीयपंथी लावणी कलावंताच्या निवाऱ्याला, त्याच्या शिक्षणाला आणि त्याच्या कलेला, तिन्हींना साहाय्य करण्याची मुभा कायद्याने दिली आहे. जून महिना आला की अनेक कंपन्या आपल्या बोधचिन्हाला इंद्रधनुष्याचे रंग देतात. ठीक आहे; रंगाला आमचा विरोध नाही. पण तो रंग संगणकाच्या पडद्यावरून खाली उतरून उपाहारगृहात भांडी घासणाऱ्या, फाटकावर पहारा देणाऱ्या, कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असलेल्या तरुणापर्यंत पोहोचतो काय? कंपनीच्या उदार नियमावलीत कंत्राटी कामगाराचे नाव नसते. परदेशातील मुख्यालयाच्या आदेशाने महिनाभर लावलेला रंग आणि माणच्या चाळीत वर्षभर चालणारे वसतिगृह यांत खरे सामाजिक दायित्व कोणते, हे कंपन्यांच्या संचालकांनी स्वत:ला विचारावे.

केवळ कंपन्यांकडे बोट दाखवूनही भागणार नाही. पिंपरी-चिंचवड हे आता केवळ कारखान्यांचे शहर नाही. जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन याच शहरात भरले. चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, भोसरीचे लांडगे नाट्यगृह आहे, संत तुकारामनगरचे अत्रे रंगमंदिर आहे. या रंगमंदिरांत आठवड्यातील एखादी दुपार तालमीसाठी मोकळी मिळाली, तर या कलावंतांसाठी ती मोठी देणगी ठरेल. तमाशाचा आणि जत्रांचा हंगाम सरला की पावसाळ्यात कलावंताच्या हाताला काम नसते. नारायणगावच्या राहुट्यांत ज्याच्या नावाची सुपारी फुटते, तोही आषाढात उधारीवर जगतो. मग ज्याला फडातही दुय्यम स्थान, त्याने सिग्नलवर उभे राहण्यावाचून काय करावे? राज्य शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते. २०२४ मध्ये ते दरमहा पाच हजार रुपये करण्यात आले. त्यासाठी कलासेवेचे पुरावे लागतात. जुन्या हस्तपत्रकावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि फडात तिसरेच, अशा कलावंताचा अर्ज छाननीच्या पहिल्याच टप्प्यावर बाद होण्याची भीती असते. एखाद्या संस्थेतील कार्यकर्ता त्याच्याबरोबर जिल्हाधिकारी कचेरीत चार खेपा घालतो, प्रतिज्ञापत्र करून देतो, तेव्हा त्याचे म्हातारपण सुरक्षित होते. हे काम वर्तमानपत्रात छापून येत नाही. त्याला निधी मिळवणेही अवघड असते. पण खरे सेवाकार्य याला म्हणतात.

गणेश मंडळांनी आणि जत्रा समित्यांनीही एक साधा नियम स्वत:ला घालून घ्यावा. तृतीयपंथी पथकाला बोलवायचे तर इतर पथकांइतकेच मानधन, तेही पावतीसह. कपडे बदलायला बंदिस्त जागा. आणि कार्यक्रम संपल्यावर पंक्तीत पान. यासाठी ना कायदा हवा, ना अनुदान. पावतीचे महत्त्व विशेष आहे. पावती म्हणजे आपण भीक दिली नाही, कामाचा मोबदला दिला, याची लेखी कबुली. आणि तोच कागद उद्या त्या कलावंताचा पुरावा ठरतो.

या विषयावर वाचकांच्या मनात काही शंका आहेत आणि त्या टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सिग्नलवर होणारी अडवणूक, वास्तुशांतीच्या दिवशी दारात येऊन केलेली हजारोंची मागणी, यांचा अनुभव अनेकांना आहे. सक्तीने पैसे उकळणे हा गुन्हाच आहे. तो कोणीही करो, कायद्याने कारवाई करावी. पण टाळी वाजवून पोट भरणाऱ्यांना दोष देण्यापूर्वी त्यांच्यापुढे दुसरा कोणता मार्ग आपण ठेवला होता, याचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल. समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर समाजात तीव्र मतभेद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता देण्यास नकार देऊन तो विषय कायदेमंडळावर सोपवला. त्यावर वाद जरूर व्हावा. मात्र त्या वादाचा निकाल लागेपर्यंत सतरा वर्षांच्या मुलाने बसस्थानकावर झोपावे, असे कोणताही सुबुद्ध माणूस म्हणणार नाही. हे सारे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे, असेही म्हटले जाते. शब्द, घोषणा आणि झेंडे बाहेरून आले असतील. माणसे येथलीच आहेत. सरसंघचालक डॉ. मोहन भागवत यांनी जानेवारी २०२३ मध्ये ‘ऑर्गनायझर’ आणि ‘पाञ्चजन्य’ यांना दिलेल्या मुलाखतीत अशी माणसे समाजात पूर्वापार आहेत आणि समाजात त्यांना त्यांची जागा असली पाहिजे, याच आशयाची भूमिका मांडली होती. महाभारतातील हंस आणि डिंभक यांचा दाखलाही त्यांनी दिला होता. २०१५ मध्ये स्थापन झालेला किन्नर आखाडा २०१९ च्या प्रयागराज कुंभात थाटाने सहभागी झाला, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभ्या भाविकांनी आशीर्वादासाठी माथा झुकवला. ज्याला कुंभात नमस्कार करतो, त्याला आपल्या सोसायटीत भाडेकरू म्हणून का चालवून घेत नाही?

शेवटी प्रश्न येऊन थांबतो तो घरापाशी. २०१९ च्या कायद्याच्या बाराव्या कलमाने, केवळ तृतीयपंथी आहे म्हणून कोणत्याही मुलाला आई-वडिलांपासून, न्यायालयाच्या आदेशाखेरीज, वेगळे करता येणार नाही, असे म्हटले. पण आई-वडिलांनीच दार लावले तर काय? कुटुंब हा आपल्या समाजरचनेचा पाया आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. ज्या घरात दारू पिऊन येणाऱ्या मुलाला जागा असते, कर्ज करून पळालेल्या भावाला जागा असते, त्या घरात केवळ निराळा जन्मलेल्या मुलाला जागा नसावी, हा कुटुंबव्यवस्थेचा गौरव नव्हे. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने पोटचे पोर बाहेर काढणारे आई-बाप दुष्ट नसतात. बहुधा एकटे पडलेले असतात. त्यांना समजावून सांगणारा डॉक्टर, त्यांच्या बाजूने उभा राहणारा मामा, शाळेतून नाव न काढणारा मुख्याध्यापक आणि ‘तुमचे मूल आहे, सांभाळा, आम्ही आहोत’ असे म्हणणारी शेजारीण मिळाली, तर पुष्कळ दारे बंद होण्यापूर्वीच थांबतील. संस्थांनी कितीही निवारे उभारले, तरी घराची जागा निवारा घेऊ शकत नाही. निवारा लागतो तो घर चुकते तेव्हा.

म्हणूनच माण-हिंजवडीसारख्या परिसरात आज गरज आहे ती मोठ्या घोषणेची नव्हे. पंचवीस मुलांचे वसतिगृह, एक तालमीची खोली, आठवड्यातून दोनदा येणारा समुपदेशक, कागदपत्रांसाठी धावणारे दोन कार्यकर्ते आणि हे सारे स्थानिक पैशावर, स्थानिक माणसांच्या विश्वस्त मंडळाखाली चालणारे, एवढी आहे. ज्या परिसराने काचेचे मनोरे उभे केले, त्याला हे जड नाही. समरसतेची परीक्षा व्यासपीठावरील भाषणांत होत नाही. आपल्यापेक्षा निराळ्या माणसासाठी आपण किती सरकून बसतो, यावर ती ठरते. येत्या भाद्रपदातही ढोल वाजेल, टाळ्या पडतील. या वेळी मिरवणूक संपल्यावर कोणी तरी त्या वादकाला विचारावे, ‘जेवून जाणार ना?’ तेथून पुढचे काम समाजाला आपोआप सुचेल.